एक दुखापत पाहिजे

दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची बढती, दुसऱ्याचे केस, एवढंच काय, दुसऱ्याची गाढ झोप, या सगळ्यांचा हेवा तक्रारसाहेबांनी वेळोवेळी करून झाला होता. माणूस म्हटल्यावर ते आलंच. पण पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या फाटक्या गुडघ्याचा हेवा करायची पाळी आपल्यावर येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

गुडघा साडूचा होता. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, विमा कंपनीत अधिकारी. चाळिशी ओलांडल्यावर या गृहस्थाने अचानक पळायला सुरुवात केली होती. मागे कोणी लागलेलं नव्हतं, बस पकडायची नव्हती, तरी पळायचा. आधी बागेला फेऱ्या झाल्या, मग रस्त्यावरच्या शर्यती, मग प्रत्येक शर्यतीनंतर गळ्यात एक पदक आणि सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर त्याचा फोटो. ही पदकं तक्रारसाहेबांनी कशीबशी पचवली होती, कारण शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला ती मिळतात ही माहिती त्यांनी स्वतः खटपट करून मिळवली होती आणि घरोघर पोहोचवलीही होती. शेवटी एका शर्यतीत वळणावर साडूचा पाय मुडपला आणि गुडघ्यातली गादी फाटली. हे कळल्यावर तक्रारसाहेबांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत ते वाईट वाटणं टिकलं.

मग तो गुडघा संशोधनात गेला.

गावातल्या स्टेडियमच्या मागच्या बाजूला एक क्रीडावैद्यक संशोधन केंद्र होतं. खेळाडूंना दुखापती का होतात, त्या कशा भरून येतात आणि भरून आल्यावर माणूस पुन्हा मैदानात उतरायच्या लायकीचा कधी होतो, याचा तिथं अभ्यास चाले. मोठ्या वयात खेळणाऱ्यांच्या दुखापतींवर त्यांचा नवा अभ्यास सुरू झाला होता, आणि त्यासाठी साडूच्या गुडघ्याची निवड झाली. साडूची नव्हे, गुडघ्याची, हे तक्रारसाहेब आवर्जून सांगत. पण ऐकणाऱ्यांना त्यात फारसा फरक दिसत नसे.

रविवारी तक्रारसाहेब बायकोबरोबर साडूला बघायला गेले. साडू सोफ्यावर पसरला होता, पाय दोन उशांवर होता आणि मनगटावर झोप मोजणारं एक यंत्र होतं. मेव्हणीने फोनवर फोटो दाखवले. फोटोत साडू काळ्या तंग चड्डीत उभा होता, पायावर ठिकठिकाणी चकाकते गोळे चिकटवलेले होते आणि चारी बाजूंनी कॅमेरे लावलेले होते.

"हे गोळे कशाला?" तक्रारसाहेबांनी शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

"हालचाल टिपायला. एका गुडघ्यासाठी एवढे कॅमेरे, साडूभाऊ. आणि माझा एमआरआय परदेशातल्या परिषदेत दाखवणार आहेत. नाव नाही सांगणार, पण गुडघा माझाच."

तक्रारसाहेब स्वतः कधी विमानात बसले नव्हते. साडूचा गुडघा परदेशी चालला होता.

पण खरं लागलं ते वेगळंच. बायकोने खुर्ची ओढून थेट त्या उशांजवळ नेली होती. सफरचंद कापता कापता ती साडूला विचारत होती, "जिना उतरताना कुठं दुखतं? आतल्या बाजूला, की मागे? सूज संध्याकाळी वाढते का? उडी मारायला कधी देणार म्हणाले?" साडू सविस्तर सांगत होता आणि ती मान पुढं करून ऐकत होती. तो आवाज तक्रारसाहेबांच्या ओळखीचा नव्हता. त्यांच्याशी बोलताना तिच्या वाक्यात बहुधा गॅस, चावी नाहीतर ओला टॉवेल असे.

परत येताना ती म्हणाली, "खेळाडू माणसाला बसून राहणं किती जड जात असेल, नाही?"

तक्रारसाहेब वीज कंपनीच्या तक्रार-निवारण कक्षात वर्षानुवर्षं बसूनच होते. ते त्यांना जड जात असेल, असं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्या नोंदवून घ्यायच्या आणि वरिष्ठांकडे धाडायच्या, हे त्यांचं काम. त्यावरूनच इमारतीत त्यांना हे नाव पडलं होतं. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या अंगात एकही तक्रार नव्हती. साखर बेताची, रक्तदाब बेताचा, चष्म्याचा नंबरही बेताचा. इतके दिवस त्यांना याचा अभिमान होता. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्यांना वाटलं, आपल्यासारखा करंटा माणूस नाही. बायकोने तशी मान पुढं करून, तशा आवाजात विचारावं असं आपल्याजवळ दुखरं काहीच नाही. आता आयुष्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती, की तिने आपल्यालाही एकदा तसं विचारावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातून केंद्राला फोन लावला.

"अभ्यासात जागा आहे का?"

"आहे," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "खेळताना झालेली दुखापत आहे का?"

"होईल."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "झाल्यावर या."

म्हणजे आधी खेळ शोधायचा आणि मग दुखापत. साधं काम होतं. रोज कितीतरी माणसांना ती न मागता होते. तक्रारसाहेबांनी बॅडमिंटन निवडलं, कारण इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जाळी लावलेली होती आणि वरच्या मजल्यावरच्या काकू तिथं सकाळी एकट्याच भिंतीशी खेळत असत. पण या इमारतीत खिळा ठोकायचा म्हटला तरी चार जण सल्ला द्यायला येतात. इथं तर प्रश्न आरोग्याचा होता.

पहिले आले ड्रिलमास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिट्टी अजून उतरली नव्हती. "अंग गरम केल्याशिवाय जाळीजवळ जायचं नाही," त्यांनी बजावलं. "थंड अंगाने उडी घेतलीत की पोटरी गेलीच समजा."

"गेलीच?" तक्रारसाहेबांनी उत्सुकतेने विचारलं.

"हमखास."

कोपऱ्यावरचा केमिस्ट म्हणाला, "ते जुने चपट्या तळव्याचे बूट तेवढे घालू नका, साहेब. त्यात घोटा जातो." शिवाय भरल्या पोटी खेळू नका, फरशी नुकतीच पुसलेली असेल तर अजिबातच नको, आणि एकदम वळणं म्हणजे गुडघ्याशी वैर. तक्रारसाहेब प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेत. आणखी काय केल्याने जातो, लवकरात लवकर कशाने जातो, वगैरे. इतक्या वर्षांत आपला सल्ला इतक्या मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक केमिस्टने पाहिलं नव्हतं. त्याने त्यांना कौतुकाने खोकल्याच्या दोन गोळ्या फुकट दिल्या.

तक्रारसाहेबांनी माळ्यावरून चपटे बूट काढले. भरपेट नाश्ता केला. हॉल पुसून झाल्या झाल्या, थंड अंगाने ते जाळीपाशी उभे राहिले, आणि काकूंचं पहिलं फूल येताच एकदम वळले.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मांड्या जरा भरून आल्या, तेव्हा मोठ्या आशेने ते झोपले. सकाळी उठले तर आशा मावळली होती. ते उलटे पळाले, भिंतीवर आदळले, फुलासाठी खुर्चीवरून उडी टाकली. काकूंना वाटलं, या माणसाला खेळाची विलक्षण ओढ आहे. महिन्याभरात पॅन्टचा पट्टा सैल झाला. ऑफिसचा जिना ते न थांबता चढू लागले. झोप अशी लागायची की बायकोला हलवून उठवावं लागे. तब्येत दिवसेंदिवस सुधारत चालली होती आणि ती कुठं जाऊन थांबणार, या काळजीने तक्रारसाहेब खंगत होते. खंगत होते म्हणजे मनाने. शरीर तेवढंही करायला तयार नव्हतं.

आणि मग दैवाने त्यांची खरी थट्टा केली. त्यांचं अंग गरम न करणं ड्रिलमास्तरांच्या लक्षात आलं. मास्तर तावातावाने हॉलमध्ये शिरले, "पाय असा ताणायचा, साहेब, असा," म्हणून त्यांनी टाच खिडकीच्या कठड्यावर टाकली, आणि खटकन आवाज आला. मांडीमागचा स्नायू गेला. तक्रारसाहेबांनीच त्यांना टॅक्सीत घालून केंद्रात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी मास्तरांना तिथल्या तिथं अभ्यासात घेतलं.

"हे खेळत नव्हते," तक्रारसाहेब न राहवून म्हणाले. "हे शिकवत होते."

"शिकवणं धरतो आम्ही," बाई म्हणाल्या.

आठवड्याने चकाकत्या गोळ्यांचा दुसरा फोटो आला. त्यात मास्तर होते. बायकोने त्यांच्यासाठी सूप करून पाठवलं. डबा पोहोचवायला तक्रारसाहेबांनाच जावं लागलं, आणि जिन्यात त्यांनी त्यातलं थोडं पिऊन टाकलं. त्यांना त्याची लाज वाटली, पण सूप चांगलं झालं होतं.

यानंतर ऑफिसात एक प्रसंग घडला. कोणीतरी उघड्या ठेवलेल्या खणावर तक्रारसाहेबांची नडगी सणसणीत आपटली. टरारून सूज आली. सहकारी धावले, तर साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान. ते तसेच लंगडत केंद्रात गेले.

"कुठला खेळ?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"धावणं. फोन वाजत होता, मी धावलो."

"ऑफिसात?"

"धावणं कुठंही धावणंच असतं, बाई. नियमात मैदानच हवं असं कुठं लिहिलंय?"

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय. वरिष्ठांकडे पाठवते. योग्य वेळी कळवण्यात येईल."

हे वाक्य तक्रारसाहेबांच्या हयातभराच्या ओळखीचं होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांच्याइतकं नीट जगात कोणाला ठाऊक नव्हतं. ते मान खाली घालून घरी आले.

पण त्या बाईंनी खरोखरच वरिष्ठांकडे पाठवलं. ही गोष्ट तक्रारसाहेबांना सहकाऱ्यांना पटवून देता आली नाही. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. पांढऱ्या कोटाखाली पळायचे बूट घातलेली तरुण मुलगी होती. तिने नडगीकडे नुसतं पाहिलं आणि सोडून दिलं. मग गुडघा वाकवला, फिरवला, दाबला, आणि तिचा चेहरा उजळला.

"काहीच झालेलं नाही तुम्हाला."

"काहीच?"

"या वयात असा गुडघा बघायला मिळत नाही, काका. आम्ही असाच माणूस शोधत होतो. तुलना-गटासाठी. म्हणजे धडधाकट, आणि आयुष्यात कधीच काही न खेळलेला."

"मी बॅडमिंटन खेळतो," तक्रारसाहेब दुखावून म्हणाले.

तिने त्यांना कोर्टवर कसं उभं राहता ते करून दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलं. "ते खेळण्यात नाही धरत आम्ही," ती म्हणाली.

अपमान मोठा होता, पण दार उघडलं होतं. तक्रारसाहेबांनी सही ठोकली. घरी येऊन जेवताना, पहिला घास खाऊन झाल्यावर, सहज सांगावं तसं ते म्हणाले, "माझीही निवड झाली. केंद्रात."

बायकोने वाढता वाढता हात थांबवला. "तुमची? कशासाठी?"

"गुडघ्यासाठी."

यात अक्षरही खोटं नव्हतं. पुढचं बायको स्वतःच धरून चालली. "एवढं दुखत होतं आणि मला बोलला नाहीत?" असं म्हणून ती जवळ येऊन बसली, आणि मान पुढं करून, त्याच आवाजात तिने विचारलं, "कुठं दुखतं? आतल्या बाजूला, की मागे?"

तक्रारसाहेबांनी जरा विचार केला. "मागे," ते म्हणाले.

तो आठवडा त्यांच्या संसारातला सोन्याचा आठवडा होता. रोज संध्याकाळी बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन त्यांचा तो उत्तम गुडघा शेकायची. पाय कसा ठेवायचा, जिना चढताना कुठला आधी टाकायचा, बरं झाल्यावर लगेच जोर का करायचा नाही, ते सांगायची. एवढं हिला कसं माहीत, असं एकदाही त्यांच्या मनात आलं नाही. ते डोळे मिटून ऐकत, आणि मधूनमधून कण्हत. साडूला फोन करून त्यांनी त्या चकाकत्या गोळ्यांचा रंग नेमका कसा असतो याची चौकशीही केली.

मग केंद्रातून निरोप आला. चाचणीच्या दिवशी घरच्या माणसाला बरोबर आणावं. सहभागी व्यक्तीची झोप, भूक आणि चिडचिड याबद्दल त्यांना विचारायचं आहे. तक्रारसाहेबांनी आपल्याला घरचं माणूस नसल्याचं सांगून बघितलं, पण बायको पर्स घेऊन दारात उभी होती.

चाचणीची खोली लांबलचक होती. जमिनीवर रबराचा पट्टा, वर कॅमेरे, एका कडेला लाकडी खोकं. साडू कुबडी टेकून मेव्हणीबरोबर आला होता, ड्रिलमास्तर खुर्चीवर तिरके बसले होते. काळ्या तंग चड्डीत, पायाला गोळे चिकटवून तक्रारसाहेब बाहेर आले तेव्हा क्षणभर त्यांना वाटलं, झालं, आपणही यांच्यातले झालो.

"तुलना-गट, पुढे या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुलना-गट म्हणजे?" बायकोने विचारलं.

"यांना काहीही झालेलं नाही ना, म्हणून. यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची."

"डाव्या गुडघ्याला मागच्या बाजूला दुखतं त्यांच्या."

"छे. दोन्ही गुडघे झकास आहेत."

साडूने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. मास्तर छताकडे बघू लागले. बायको तक्रारसाहेबांकडे बघत होती. "आठवडाभर शेकत होते मी," ती हळू आवाजात म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती, ती आत कुठंतरी खट्टू झाली होती, आणि हे सगळ्यांसमोर चड्डीवर उभं राहून बघायचं होतं.

डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी नेहमीचा पुढचा प्रश्न घेतला. "घरात कोणी खेळाडू?"

"कोणी नाही," तक्रारसाहेब घाईने म्हणाले.

"असं कसं?" साडू म्हणाला. "ताई आहेत की. लांब उडी. विद्यापीठाच्या संघात होत्या."

आपली आणखी एक थट्टा चालली आहे असं समजून तक्रारसाहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याखेरीज कोणीच हसत नाही. बायको पर्सची चेन उघडझाप करत होती.

"शेवटच्या वर्षी उजवा घोटा गेला त्यांचा," साडू डॉक्टरीणबाईंना सांगत होता. "मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर. उपचार म्हणाल तर नुसती पट्टी."

साडूला माहीत होतं. कुठला पाय, तेसुद्धा माहीत होतं. आजवर तक्रारसाहेबांनी ज्याचा ज्याचा हेवा केला होता, ते सगळे हेवे याच्यापुढं पोरखेळ होते. "तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी साडूला विचारलं.

"मी विचारलं त्यांना. त्या माझ्या गुडघ्याचं इतकं नेमकं विचारायच्या, तर मी म्हटलं, ताई, तुम्ही काय खेळायचात?"

तक्रारसाहेब बायकोकडे वळले. "तू मला कधी बोलली नाहीस."

"आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा पायाला पट्टी होती माझ्या," बायको म्हणाली. "तुम्ही विचारलंत, पाय घसरला का? मी हो म्हटलं."

"मग?"

"मग तुम्ही चहा मागितलात."

डॉक्टरीणबाई एव्हाना खाली बसल्या होत्या. "चप्पल काढा, ताई. अशा बायका आम्हाला मिळतच नाहीत. आपण खेळत होतो हेच कोणी सांगत नाही." त्यांनी घोटा दाबला. "इथं दुखतं अजून?"

"थंडीत," बायको म्हणाली.

कितीतरी हिवाळे तक्रारसाहेब त्या घोट्याशेजारी झोपले होते.

गोळे मोजकेच होते. मदतनीसाने ते तक्रारसाहेबांच्या पायावरून ओरबाडून काढले, त्याबरोबर थोडे केसही गेले, आणि ते त्याने बायकोच्या पायाला लावले. "नुसतं चालून दाखवायचंय, ताई, सावकाश," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायकोने पर्स बहिणीकडे दिली. पट्ट्याच्या टोकाला जाऊन ती मागं मागं काही पावलं मोजत गेली आणि थांबली. तिने दोनदा टाच आपटली. सावकाश, असं डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणेपर्यंत ती सुटलीही होती.

उडी फार लांब नव्हती. उतरताना तोल गेला, ती भिंतीला हात टेकून सावरली आणि वळली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि आता समोर जी दिसत होती, ती बाई तक्रारसाहेबांनी कधी पाहिलीच नव्हती. साडूने कुबडी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी शिट्टी मारली. तक्रारसाहेबांचे हात उचलले गेले नाहीत. त्या काळी मैदानाच्या कडेला उभं राहून हिला पाहिलेल्या प्रत्येकाचा त्यांना हेवा वाटत होता. हिच्या नावाने ओरडणाऱ्या मुलींचा, हिची उडी मोजणाऱ्या माणसाचा, सगळ्यांचा. या सगळ्यांच्या वाट्याला ती आली होती आणि आपल्या वाट्याला ओला टॉवेल, तोही आपल्याच हाताने.

ती धापा टाकत येऊन खोक्यावर बसली. तक्रारसाहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले. झकास गुडघे असल्यामुळे त्यांना ते लगेच जमलं.

"त्या दिवशी काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"घोटा गेला त्या दिवशी."

तिने वाकून घोट्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "सराव चालू होता. वाळू नीट ओढलेली नव्हती. पण उडी अशी बसली होती ना, की मला वरच कळलं, ही आजवरची सगळ्यात लांब."

"त्याचं काय झालं, साडूभाऊ," साडू कुबडी टेकत पुढं आला, "की तिथं—"

"तुम्ही गप्प बसा," तक्रारसाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, आणि बायकोच्या आणखी जवळ सरकले. "मग? मोजली का कोणी ती उडी?"